प्रशिक्षणाच्या विमानाचा टायर बाहेरच्याच कडेने का घासतो

खान्देशात छोटी विमानं उडतात ती मुख्यतः शिकवण्यासाठी. धुळ्याजवळ गोंदूर, शिरपूर, जळगाव, तिन्हीकडे तेच चित्र: एक प्रशिक्षक, एक विद्यार्थी, टाकीत बेताचं इंधन, आणि तासभर टेकवणं-उचलणं. अशा विमानांच्या मुख्य चाकांची एक तक्रार ठरलेली आहे. बाहेरची कड गुळगुळीत आणि आतली बाजू कालच बसवल्यासारखी. टायर निम्मा शिल्लक असताना काढून टाकावा लागतो, कारण कुठल्याही एका खाचेचा तळ एका जागी जरी लागला तरी तो टायर बाद. आतल्या खाचेत कितीही माल उरला असला तरी त्याला हिशोबात जागा नाही.

हे दिसलं की पहिली सूचना येते ‘अलाइनमेंट करून घ्या’. आम्ही शिमच्या (चाकाचा कोन बदलायला घालायच्या पातळ पाचरींच्या) पाकिटाला हात लावतो तो सगळ्यात शेवटी. आधी हवा, मग बेअरिंग आणि ब्रेक, मग हँगरची फरशी, आणि त्यानंतर चाकाचा कोन. हा क्रम उलटला की चुकीच्या हवेच्या टायरला बरोबर कोन लावला जातो आणि पुढचा टायरही तसाच घासतो. इथे लिहितो ते मुख्यतः सेसना १५२ आणि १७२ बद्दल, म्हणजे मुख्य चाकांना ६.००-६ आणि पुढच्याला ५.००-५ मापाचे टायर असलेल्या, स्प्रिंग स्टीलच्या पायांच्या विमानांबद्दल. काम एएमईच्या (विमान देखभालीच्या परवानाधारक अभियंत्याच्या) देखरेखीत आणि सहीनेच व्हायचं आहे, हे गृहीत धरलंय.

आधी टायर वाचा

टायर काढण्याआधी, विमान उभं असतानाच मापं घ्यायची. खडूने टायरच्या परिघावर चार खुणा करायच्या, साधारण नव्वद-नव्वद अंशांवर. विमान थोडं थोडं ढकलत प्रत्येक खूण वर आणायची आणि खोली मोजायच्या गेजने बाहेरची, मधली आणि आतली खाच मोजायची. एका टायरचे बारा आकडे होतात. डावा-उजवा वेगळा लिहायचा, आणि शेजारी टायर बसवल्यापासून झालेल्या लँडिंगची संख्या. तासांवर टायरचं आयुष्य मोजण्यात अर्थ नाही. दोन तासांच्या क्रॉस-कंट्रीत चाक एकदाच टेकतं, आणि सर्किटच्या (धावपट्टीभोवती फेऱ्या मारत टेकण्याच्या) एका तासात ते सहा-सात वेळा टेकू शकतं.

बारा आकडे समोर आले की बराच उलगडा होतो. चारही जागी बाहेरची खाच कमी असेल तर कारण कायमचं आहे: कोन किंवा हवा. एकाच जागी तिन्ही खाचा कमी असतील तर तिथे चाक जाम होऊन घसरलंय, म्हणजे ब्रेक. मधली खाच कमी आणि दोन्ही कडा जाड, तर हवा जास्त. दोन्ही कडा गेल्या आणि मधला पट्टा उभा, तर हवा कमी.

यानंतर तळहात. टायरच्या पट्ट्यांवरून तळहात आडवा फिरवायचा, बाहेरून आत आणि मग आतून बाहेर. दोन्हीकडे सारखाच गुळगुळीत लागला तर टो, म्हणजे चाकाचं नाक आत-बाहेर वळणं, ठीक असण्याची शक्यता मोठी. बाहेरून आत जाताना गुळगुळीत, पण परत बाहेर येताना पट्ट्यांच्या धारा बोचल्या, तर चाकाचं नाक आत वळलेलं आहे, म्हणजे टो-इन. याच्या उलट जाणवलं तर टो-आउट. कॅम्बर, म्हणजे चाकाच्या माथ्याचा आत-बाहेर झुकाव, बिघडला तर धारा उमटत नाहीत, कड नुसती तिरकी सपाट होत जाते. ही परीक्षा बिनखर्चाची आहे आणि क्वचितच फसवते. फक्त टायर तापलेला नसावा आणि हात पुसलेला असावा, कारण रबराची पूड साचली की धार कळत नाही.

हवा

१७२ एन मॉडेलला चार प्लायच्या (प्लाय म्हणजे टायरच्या मजबुतीची प्रत) मुख्य टायरमध्ये २९ पीएसआय (चौरस इंचाला पौंड) आणि पुढच्या ५.००-५ मध्ये ३१. १५२ ला मुख्य २१ आणि पुढे ३०. १७२ एसला सहा प्लायचे टायर, तिथे मुख्य ४२ आणि पुढे ४५. एकाच हँगरात ही तिन्ही विमानं उभी असतील तर चाकाच्या फेअरिंगवर (आवरणावर) किंवा पायावर आकडा रंगवून ठेवणं बरं. २१ च्या टायरमध्ये २९ भरले जाण्याचं प्रमाण वाटतं त्याहून जास्त आहे, आणि मधला पट्टा घासला की मगच ते उघड होतं.

हा आकडा थंड टायरचा. उतरल्यावर किमान दोन तास, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तीन तास जाऊ द्यायचे, मग मोजायचं. मोठ्या विमानांच्या पुस्तकांत एक ठोकताळा असतो: तापमान ३ अंश सेल्सिअसने बदललं की दाब १ टक्क्याने बदलतो. तो आपल्या छोट्या टायरला जसाच्या तसा लावू नका. हवेचा नियम गेजवरच्या आकड्याला लागू होत नाही. त्यात वातावरणाचा दाब मिळवून जो एकूण दाब होतो, त्याला तो लागू होतो. २९ च्या टायरमध्ये एकूण दाब ४३ च्या आसपास असतो. म्हणून मे महिन्यात दुपारी ४३ अंशांना २९ भरलेला टायर डिसेंबरात पहाटे १० अंशांना, कुठूनही न गळता, साडेचोवीसच्या जवळ दाखवेल. उलट पहाटे १० अंशांना भरलेले २९ दुपारी ४३ अंशांच्या उन्हात ३४ दाखवतील. टक्केवारीचा ठोकताळा लावला असता तर तीनच पीएसआयचा फरक आला असता.

खान्देशात हे पुस्तकी गणित नाही. थंडीत एकाच दिवसात पहाटे दहा आणि दुपारी तीस असतं, म्हणजे सकाळी बरोबर भरलेला टायर दुपारी तीन पीएसआयने चढतो. तो चढला म्हणून दुपारी हवा सोडायची नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तोच टायर २६ वर येईल, आणि दोन्ही कडा घासायला सुरुवात होईल. नियम सोपा ठेवलाय: पहिल्या उड्डाणाआधी, ऊन टायरवर पडण्याआधी, रोज एकदा. हँगरच्या दारात उभ्या विमानाचं पूर्वेकडचं चाक उन्हात आणि पश्चिमेकडचं सावलीत असेल तर दोन्हींची तुलना करू नका.

गेजबद्दल थोडं. मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या टायरच्या दुकानातला गेज ट्रकसाठी असतो, त्याची तबकडी दीडशे-दोनशेपर्यंत. त्यावर २१ आणि २४ यांतला फरक काट्याच्या जाडीएवढा. आपल्याला ६० पर्यंतचा, एकेका पीएसआयच्या खुणांचा, कॅलिब्रेट केलेला गेज लागतो. आणि दोन्ही चाकांना तोच एक गेज लावायचा.

दोन चाकांच्या दाबात फरक असेल तर विमान एका बाजूला कलतं, त्या बाजूचा पाय जास्त फाकतो आणि दोन टायर वेगवेगळे घासतात. मग लोक म्हणतात डावा पाय वाकलाय.

बेअरिंग आणि ब्रेक

एक चाक जॅकवर घ्यायचं, दुसऱ्याला पुढून-मागून ठोकळे. टायर वर-खाली धरून हलवायचा. खडखड जाणवली तर टेपर बेअरिंग सैल आहेत. सैल चाक चालताना डुलतं, त्यामुळे टायरवर एका आड एक चट्टे पडतात आणि ब्रेकची डिस्कही तिरकी झिजते. असं चाक मोजायला घेतलं तर कॅम्बरचा आकडा दर वेळी वेगळा येतो. बेअरिंग धुऊन, कप आणि रोलरवर निळसर डाग किंवा खड्डे आहेत का पाहून, मॅन्युअलमधलंच ग्रीस भरायचं. नट चाक फिरवत फिरवत घट्ट करायचा, ओढ जाणवली की मॅन्युअलप्रमाणे मागे घेऊन पिनच्या खाचेशी जुळवायचा. पिन नवी.

चाक हाताने फिरवताना ब्रेक चाटत असेल तर कॅलिपर (डिस्कला दाबून धरणारा ब्रेकचा भाग) त्याच्या दोन पिनांवर मोकळा सरकत नाहीये. इथली काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक, उन्हाळ्यातल्या वावटळीत ती हँगरभर होते. पिनांना साधं ग्रीस लावलं की धूळ त्याला चिकटून लेप होतो आणि कॅलिपर अडकतो. पिना कोरड्या पुसून, गंज काढून, कोरडं वंगण लावायचं. अडकलेल्या कॅलिपरचं चाक नेहमी थोडं धरून चालतं, वैमानिक नकळत विरुद्ध पायाने भरपाई करतो, आणि दोन्ही टायर जातात.

ब्रेकच्या झिजेचं मोठं कारण मात्र माणसाचा पाय. विद्यार्थ्याच्या टाचा जमिनीवर नसून पाऊल पूर्ण पॅडलवर असेल तर टेकतानाच ब्रेक लागलेला असतो. पंखांनी अजून भार उचलून धरलेला असतो, चाकावर वजन नसतं, ते लगेच जाम होतं आणि एका जागी चपटा डाग पडतो. कापड दिसत नसेल आणि थरथर नसेल तर असा टायर चालवता येतो, पण पुढच्या वेळी चाक जाम झालं तर त्याच जागी थांबायची शक्यता असते. पार्किंगमध्ये एक चाक जाम करून त्याभोवती विमान गर्रकन वळवणं हा दुसरा प्रकार. आतल्या चाकाचा टायर जागच्या जागी पिळला जातो आणि पट्ट्यांवर गोल ओरखडे उमटतात. अलाइनमेंटने यातलं काहीच सुटत नाही, प्रशिक्षकांना दाखवूनच सुटतं.

बाहेरचीच कड का

हवा, बेअरिंग, ब्रेक सगळं ठीक आणि तरी बाहेरची कड जातेय, असा टायर उरतो तेव्हा पायाकडे बघायचं. सेसनाचा मुख्य पाय म्हणजे वाकणारं पोलाद. भार नसला की पाय खाली आणि आत येतो, चाकांचे तळ जवळ येतात आणि माथे बाहेर झुकतात. भार चढला की पाय फाकतो, चाक उभं होतं. आणखी भार आला की माथा आत झुकायला लागतो. म्हणजे कॅम्बर हा या विमानात एक ठरलेला आकडा नाही, तो वजनाबरोबर बदलतो.

सेसनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये याचा सरळ उल्लेख आहे. केबिन आणि टाक्या रिकाम्या असताना दिलेल्या मर्यादेत टो आणि कॅम्बर बसवले, तर पूर्ण वजनाला दोन्ही शून्याच्या जवळ येतात. आणि नेहमीचं उड्डाण पूर्ण वजनाखाली होत असेल व टायर विचित्र घासत असेल, तर नेहमीच्या भाराला साजेसं अलाइनमेंट करा, असंही तिथेच म्हटलंय. पहिलं वाक्य सगळे वाचतात, दुसरं सुटतं.

आता आपला भार बघा. १७२ एनचं कमाल वजन २३०० पौंड, म्हणजे १०४३ किलो. रिकामं विमान साधारण साडेसहाशे किलोचं, प्रत्येकाचं थोडं वेगळं. दोन माणसं दीडशे किलो आणि निम्म्या टाक्या धरल्या तर इंधन ५५ किलोच्या आसपास. एकूण साडेआठशे ते आठशे साठ. पूर्ण वजनाच्या जवळपास १९० किलो खाली. पुस्तकाप्रमाणे अचूक बसवलेलं चाक या वजनाला बाहेर झुकलेलंच असणार. शिवाय टेकण्याच्या क्षणी पंखांवर भार शिल्लक असतो, त्यामुळे चाकाला विमान याहूनही हलकं वाटतं. बाहेरची कड आधी टेकते आणि मग भार येईल तसे दोन्ही पाय फाकत टायर जमिनीवरून बाजूला सरकतात. हे सरकणं स्प्रिंगच्या पायाच्या रचनेतच आहे. सर्किटच्या कामात ते दर टेकण्याला होतं.

म्हणून अलाइनमेंटने बाहेरची झीज कमी होते, पूर्ण थांबत नाही. जे थांबत नाही त्यासाठी टायर उलटवणं, म्हणजे रिमवरून काढून बाहेरची बाजू आत करून बसवणं आहे, ते पुढे येईल.

मापं घेणं

जागेपासून सुरुवात. काळ्या मातीवर टाकलेली फरशी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात खचते. डोळ्यांना सपाट दिसणाऱ्या हँगरमध्ये दोन चाकांच्या जागी दोन-अडीच सेंटिमीटरचा फरक सहज निघतो. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घ्यायची आणि दोन्ही चाकांची व पुढच्या चाकाची जागा तपासायची. खाली असेल तिथे पत्रे किंवा प्लायवूड देऊन उचलायचं. दोन मुख्य चाकांत साधारण अडीच मीटर अंतर असतं, त्यात अडीच सेंटिमीटरचा उतार म्हणजे अर्ध्या अंशाहून थोडा जास्त. हा एका चाकाच्या कॅम्बरमध्ये मिळतो आणि दुसऱ्यातून वजा होतो. मग एक पाय वाकलेला वाटतो. खात्री करायची तर विमान १८० अंशांत फिरवून त्याच जागी पुन्हा मोजायचं. फरक विमानाबरोबर फिरला तर विमानात, जागेवरच राहिला तर फरशीत.

प्रत्येक मुख्य चाकाखाली दोन ॲल्युमिनियमचे पत्रे, सुमारे १८ इंच चौरस, आणि दोघांच्या मध्ये भरपूर ग्रीस. चाक पत्र्यांवर आलं की पंखाच्या टोकाजवळ उभं राहून विमान हलकेच डोलवायचं, म्हणजे पाय मोकळे होऊन आपल्या जागी बसतात. ही पायरी चुकवली तर पुढचं सगळं वाया जातं. विमान मागे ढकलून आणलेलं असेल तर पाय आत ओढले जाऊन ते उंच उभं असू शकतं. जॅकवरून नुकतंच उतरवलेलंही तसंच. पत्रे नसतील तर निदान काही मीटर पुढे ढकलत आणायचं, पण ग्रीसच्या पत्र्यांची सर त्याला नाही.

मापं भाराच्या तीन अवस्थांत घ्यायची: रिकामं, नेहमीच्या कामाचं, आणि पूर्ण. माणसांना तासभर केबिनमध्ये बसवण्यापेक्षा पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरचे जार सोयीचे. एक जार पाण्याचा वीस किलो, प्लास्टिकचं थोडं वेगळं. चार जार म्हणजे एक माणूस. झाकणं घट्ट आणि पट्ट्याने बांधलेले हवेत. दोन्ही टाक्यांत इंधन सारखं हवं. एका बाजूला चाळीस लिटर जास्त असेल तर त्या बाजूला जवळपास तीस किलो जास्त आहेत.

टोसाठी दहा-बारा फुटांची सरळ पट्टी लागते. ॲल्युमिनियमचा चौकोनी पाइप चालतो, पण विकत घेताना तो फरशीवर लोळवून वाक पाहून घ्यायचा. ही पट्टी दोन्ही टायरच्या पुढच्या बाजूला, ॲक्सलच्या नटाच्या जरा खाली, आडवी टेकवायची. तिच्याशी सुताराचा गुण्या काटकोनात धरायचा आणि त्याची दुसरी बाजू चाकाच्या रिमच्या कडेशी आणायची. रिमची पुढची कड आणि मागची कड यांचं गुण्यापासूनचं अंतर मोजायचं. दोहोंतला फरक हा एका चाकाचा टो. मोजायचं ते रिमवर, टायरच्या रबरावर नाही. टायरच्या बाजूवर अक्षरं आणि फुगवटे असतात. रिमला कुठे ठेचा असेल तर चाक अर्धं फिरवून पुन्हा मोजून सरासरी.

कॅम्बरसाठी कोन दाखवणारी लेव्हल रिमच्या बाहेरच्या वरच्या-खालच्या कडांना उभी टेकवायची. डिजिटल असेल तर उत्तम, आधी ती समपातळीवर शून्य करून घ्यायची.

आकडा छोटा दिसला तरी त्याचा परिणाम केवढा, याचा हिशोब. रिमच्या कडा साधारण १७५ मिलिमीटर अंतरावर धरल्या तर एक मिलिमीटरचा फरक म्हणजे एक तृतीयांश अंश. एवढ्या तिरक्या चाकाने एक किलोमीटर जाताना टायर जवळपास पावणेसहा मीटर बाजूला फरफटतो. पार्किंगपासून धावपट्टीच्या टोकापर्यंत जाऊन येण्यातच एक-दोन किलोमीटर होतात.

पाचर बसवणं

दुरुस्ती होते ती ॲक्सल आणि पाय यांच्यामधल्या पाचरीसारख्या शिमने. तिची एक कड जाड, दुसरी पातळ. ॲक्सल पायाच्या बाहेरच्या बाजूने बसतो अशा रचनेत जाड कड खाली आली की चाकाचा माथा आत जातो, वर आली की बाहेर. जाड कड पुढे आली की चाकाचं नाक बाहेर वळतं, मागे गेली की आत. शिमच्या प्रत्येक पार्ट नंबरला प्रत्येक स्थितीत किती फरक पडतो, याचा तक्ता मॅन्युअलमध्ये आहे. एकावर एक किती आणि कुठल्या जोडीने चालतात, हेही तिथेच. काही शिम टो सुधारताना कॅम्बरही थोडा हलवतात, म्हणून एका वेळी एकच बदल करून पुन्हा मोजायचं. लेथवर बनवून घेतलेली शिम चालणार नाही. जळगाव किंवा धुळ्याच्या एमआयडीसीत ती अर्ध्या दिवसात आणि सुरेख बनेल, पण विमानावर तिचा मान्यतेचा कागद कुठून आणणार?

किती बदलायचं? समजा रिकाम्या विमानाला कॅम्बर चार अंश बाहेर, कामाच्या भाराला दोन अंश बाहेर, पूर्ण भाराला शून्य. दोन अंश काढले तर कामाच्या भाराला चाक उभं राहील, पण पूर्ण भाराला दोन अंश आत झुकेल. विमान फक्त सर्किट करतं तर ते मान्य. पण तेच विमान आठवड्यातून दोनदा चार माणसं घेऊन लांब जात असेल तर मग आतली कड जायला लागते. मिश्र कामाच्या विमानाला आम्ही निम्मंच काढतो, आणि उरलेलं टायर उलटवण्यावर सोडतो. टोच्या बाबतीत मात्र तडजोड नाही. कामाच्या भाराला तो शून्याच्या जितका जवळ आणता येईल तितका आणायचा, कारण टोने होणारी झीज चाक फिरेल तितका वेळ चालू राहते.

शिम घातली की बोल्टची लांबी तपासायची. नटाबाहेर धागा दिसला पाहिजे आणि नट धाग्याच्या शेवटाला जाऊन थांबलेला नसावा. तो अडकला तर टॉर्क मीटरवर टॉर्क दिसतो, पण ॲक्सल आवळला गेलेला नसतो. ब्रेकच्या नळीला ताण येतोय का, डिस्क कॅलिपरच्या मधोमध फिरतेय का, हे चाक हाताने फिरवून पाहायचं. मग पुन्हा ग्रीसचे पत्रे, पुन्हा डोलवणं, पुन्हा तिन्ही भारांना माप.

एवढं करून पूर्ण शिमलाही आकडा मर्यादेत येत नसेल, किंवा दोन पायांत मोठा फरक कायम असेल, तर शिम वाढवत बसू नका. पाय वाकलाय, किंवा तो जिथे धडात बसतो तिथे काही हललंय. आडव्या वाऱ्यातल्या जोरदार लँडिंगनंतर हे होतं. तिथे टायरचा विषय संपून हार्ड लँडिंगची तपासणी सुरू होते.

टायर उलटवणं

बाहेरची खाच निम्म्यावर आली की उलटवायचा. अगदी तळ लागेपर्यंत थांबलं तर उलटवण्यासारखं काही उरत नाही.

पहिलं काम व्हॉल्वचा पिन काढून हवा पूर्ण सोडणं, आणि त्यानंतरच दोन अर्ध्या रिमचे बोल्ट. दाब असताना हे बोल्ट सैल केले तर रिमचे अर्धे भाग गोळीसारखे सुटतात. टायरची कड रिमपासून सोडवताना पहार किंवा स्क्रू-ड्रायव्हर घालायचा नाही. मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमच्या रिमवर पडलेला ओरखडा पुढे तडा होतो. लाकडी ठोकळे आणि दाब.

आत टायर हाताने चाचपायचा. सुरकुत्या, उंचवटे, दोरे दिसले तर उलटवण्याचा प्रश्नच नाही. ट्यूब वापरात ताणून मोठी झालेली असते, म्हणून नव्या टायरमध्ये जुनी ट्यूब घालायची नाही, तिला घडी पडते आणि घडीवर ती फाटते. उलटवलेल्या टायरमध्ये तीच ट्यूब चालू शकते, पण टायर उघडला आहे तर नवीच घालणं आम्हाला परवडतं. टाल्क हलकेच फासायचं, ढीग नाही. टायरवरचा लाल ठिपका ही त्याची हलकी बाजू. ट्यूबवर जड बाजूची खूण असेल तर ती ठिपक्यासमोर, नसेल तर व्हॉल्व ठिपक्यासमोर. टायर उलटवला तरी व्हॉल्व रिमच्या त्याच भागातून बाहेर येणार, म्हणून हे पुन्हा जुळवावं लागतं.

दोन अर्धे जोडताना ट्यूब चिमटीत सापडली नाही ना, ते बघायचं. बोल्ट चाकावरच्या पत्रीवर लिहिलेल्या टॉर्कला, समोरासमोरच्या जोड्यांनी. हवा थोडी भरून टायर रिमवर नीट बसू द्यायचा, मग पूर्ण सोडायची, म्हणजे ट्यूबच्या सुरकुत्या सुटतात. मग पुन्हा ठरलेल्या दाबाला. नवा नायलॉनचा टायर पहिल्या बारा ते चोवीस तासांत ताणतो आणि दाब पाच ते दहा टक्के पडतो. ती गळती समजून ट्यूब बदलायला घेऊ नका. दुसऱ्या दिवशी भरायचं आणि मग चाक बसवायचं. टायर आणि रिम दोन्हींवर जाईल अशी लाल रंगाची पट्टी ओढून ठेवायची. ती तुटली तर टायर रिमवर सरकतोय, म्हणजे हवा कमी चालली आहे, आणि पुढची पायरी व्हॉल्व ट्यूबपासून कापला जाणं.

पायपरचा पाय आणि पुढचं चाक

पायपर आर्चरसारख्या विमानात स्प्रिंगऐवजी तेल-हवेचा स्ट्रट असतो. भाराने कॅम्बर तितका हलत नाही, म्हणून तिथे एकाच कडेची झीज दिसली तर आधी दोन्ही स्ट्रटची उंची सारखी आहे का पाहायचं, आणि मग टॉर्क लिंकच्या (चाकाला स्ट्रटभोवती फिरू न देणाऱ्या कात्रीसारख्या जोडाच्या) सांध्यातले बुश. ते झिजले की चाक आपल्याआप नाक फिरवतं आणि टोचं माप दर वेळी वेगळं येतं. टो सुधारला जातो याच सांध्यातल्या वॉशरांची जागा बदलून. बुश सैल असताना वॉशर बदलणं म्हणजे वेळ घालवणं.

पुढच्या चाकावर एका आड एक खोलगट चट्टे दिसले तर ते चाक थरथरतंय. शिमी डॅम्परमधलं (थरथर शोषणाऱ्या नळकांड्यातलं) तेल, टॉर्क लिंक, चाकाचा तोल, या क्रमाने बघायचं. डॅम्पर बदलून गप्प झालेली थरथर काही दिवसांत परत आली तर लिंकमध्येच ढिलेपणा होता.

पावसाळ्याआधी मुख्य टायरच्या खाचा पुन्हा मोजून घ्यायच्या. पाण्यावर तरंगण्याचा वेग नॉटमध्ये काढायचं जुनं सूत्र म्हणजे पीएसआयच्या वर्गमुळाची नऊ पट. २९ ला ते ४८ नॉटच्या आसपास येतं, २१ ला ४१. म्हणजे १७२ आणि १५२ टेकतात त्याच वेगांत. सूत्रात खाचेची खोली येत नाही, पण पाण्याला बाहेर पडायला वाट तीच देते, आणि बाहेरची खाच संपलेल्या टायरची ती बाजूची वाट बंद झालेली असते. त्यामुळे जूनमध्ये आम्ही बाद करण्याची रेघ पुस्तकापेक्षा वर धरतो.

अलाइनमेंटनंतर पहिल्या पन्नास लँडिंगला पुन्हा तळहात फिरवायचा, आणि शंभरला पुन्हा बारा आकडे. पट्ट्यांच्या जुन्या धारा तोवर घासून गेलेल्या असतात, नव्या उमटल्या असतील तर त्या कुठल्या बाजूला बोचतात ते लिहून ठेवायचं, आणि त्याच पानावर त्या दिवशीचा पहाटेचा दाब.